टायमिंग बेल्ट कधी बदलायचा?

(मलकापूर, ता. कराड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

हा विषय मी घेतला त्याला कारण माझीच एक चूक आहे. तेव्हा आधी ती सांगतो, म्हणजे पुढचं सगळं ऐकताना तुम्हाला कळेल की हा माणूस पुस्तकातलं बोलत नाहीये.

काही वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यानं सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. सात वर्षांची गाडी, रनिंग छप्पन हजार. गाडी घेऊन तो थेट माझ्याकडे आला. "दाजी, एवढा बेल्ट बघा की. लोक म्हणत्यात बदलून घे." मी या धंद्यात बरीच वर्षं काढलेली. वरचं कव्हर सोडवलं, बॅटरी मारून बघितलं. चीर नाही, धागे सुटलेले नाहीत, अंगठ्यानं दाबून बघितला तर ताणही बरा. म्हटलं, "चांगलाय. किलोमीटर पण अजून शिल्लक आहेत. पुढच्या वर्षी बघू." तो खूश. पैसे वाचले.

साडेचार महिन्यांनी, जुलैत, ही मंडळी चिपळूणहून परत येत होती. गाडीत पाच माणसं, त्यात सासूबाई. कुंभार्ली घाट, रात्रीची वेळ, पाऊस. चढाला असताना इंजिन बंद झालं. आवाज नाही, धक्का नाही, मीटरवर आधी दिवा नाही. बंद म्हणजे बंद. स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, आणि गाडी मागं सरकायला लागली. मेहुण्यानं हँडब्रेक ओढला आणि पोरानं उतरून चाकामागं दगड लावला, म्हणून निभावलं. मागून येणारा ट्रकवालाही सावध होता. कुणाला खरचटलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी टो करून मलकापुरात आणली, हेड उतरवलं, तर आठच्या आठ व्हॉल्व्ह वाकलेले. त्यानं सगळं बिल भरलं आणि मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता त्या इंजिनात झालं काय, ते बघू.

इंजिनात खाली क्रँक असतो. पिस्टन वरखाली होतात, त्यांच्या जोरावर क्रँक फिरतो आणि चाकांना ताकद मिळते. वर कॅम असतो. त्याचं काम एकच, व्हॉल्व्ह ठरलेल्या क्षणी उघडायचे आणि ठरलेल्या क्षणी मिटू द्यायचे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला पाहिजे. दीड नाही, सव्वा नाही, बरोबर एक. हा हिशेब पाळायला दोघांना कशानं तरी बांधावं लागतं. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांत बहुतेक गिअर असतात. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरला साखळी होती, टायमिंग चेन. आणि बऱ्याच मोटारींना दात असलेला रबरी पट्टा असतो, तोच आपला टायमिंग बेल्ट. जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीनं १९६२ साली मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मोटारीत तो पहिल्यांदा बसवला. आवाज कमी, वजन कमी, तेल लागत नाही, खर्च कमी. मग सगळ्यांनी उचलला. आपल्याकडं मारुती ८०० ला बेल्टच होता.

ताशी साठच्या वेगानं चाललेल्या गाडीचा क्रँक मिनिटाला साधारण दोन हजार फेरे मारतो असं धरा. म्हणजे सेकंदाला तेहतीस. एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा खाली उतरतो आणि वर जातो. पिस्टन त्याच जागेकडं वर येत असतो. दोघांची जागा एक, वेळ वेगळी. एक बाहेर पडला की दुसरा आत. गर्दीच्या एसटीच्या दारात कंडक्टर सांगतो ना, "आधी उतरू द्या, मग चढा." तो कंडक्टर म्हणजे हा बेल्ट. त्यानं सोडलं की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगानं क्रँक अजून फिरतच असतो. पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

सगळ्या इंजिनांत असं होत नाही. काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात एवढी जागा ठेवलेली असते की बेल्ट गेला तरी गाडी नुसती बंद पडते; नवा बेल्ट घाला आणि चला. पण डिझेलमध्ये दाब जास्त लागतो, म्हणून वर जागाच ठेवत नाहीत. डिझेल आणि बेल्ट हे समीकरण असेल तर आदळणार असंच धरून चाला. पेट्रोलवाल्यांनीही आपलं इंजिन कोणत्या जातीचं आहे ते विचारून ठेवावं.

आता माझी चूक. मी बेल्ट डोळ्यानं तपासला. माझा डोळा तयार झाला होता जुन्या बेल्टवर. ते निओप्रीनचे असायचे. म्हातारे झाले की त्यांना पाठीवर चिरा पडायच्या, चक्क दिसायचं. आताच्या बेल्टचं रबर वेगळं, उष्णतेला जास्त टिकणारं, आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या. त्याची पाठ शेवटपर्यंत गुळगुळीत राहू शकते. खराबी होते ती दाताच्या मुळाशी आणि आतल्या दोऱ्यांत. मेहुण्याच्या गाडीतला बेल्ट बाहेर काढला तेव्हा पट्टा अख्खा होता! मधले सहा-सात दात सलग उडाले होते. मी वरून वितभर पाठ बघून "चांगलाय" म्हणालो होतो.

दुसरं म्हणजे तो आवाज देत नाही. लोक सांगतात, "सकाळी चालू करताना किरकिर येते, टायमिंग बेल्ट गेला वाटतं." अहो, ती किरकिर बाहेरच्या बेल्टची. अल्टरनेटर फिरवतो तो. तो घसरतो म्हणून ओरडतो. दातवाला पट्टा घसरत नाही, म्हणून ओरडतही नाही. कव्हरच्या आतून घरघर आली तर ती बहुधा ताण देणाऱ्या पुलीच्या बेअरिंगची असते. ती ऐकू आली तर नशीबवान समजा आणि लगेच गाडी उभी करा. कव्हरच्या खालून तेल ठिबकत असेल तरीही तेच, कारण तेल पडलं की रबर फुगतं आणि दात मऊ होतात. बेल्टवर चिरा दिसल्या तर बदलायचा, त्यात वाद नाही. पण चिरा दिसल्या नाहीत याचा अर्थ काहीच नाही.

मग राहतं काय? मोजणं. मलकापूरकरांना हे मी काय सांगू, तुमच्या घरात चोवीस तास पाणी मीटरवर येतं. नळाकडं बघून बिल किती येईल ते कुणी सांगत नाही, मीटर वाचावा लागतो. बेल्टला दोन मीटर आहेत. एक किलोमीटरचा, दुसरा वर्षांचा. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात दोन्ही आकडे असतात. कुठं साठ हजार, कुठं एक लाख, कुठं दीड लाख. कुठं चार वर्षं, कुठं सहा, कुठं त्याहून जास्त. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावायचा नाही. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांचे आकडे वेगळे असतात. आणि नियम असा की दोन्हींपैकी जो आधी भरेल तो खरा.

या "जो आधी" वर सगळं अडतं. आपल्या भागात गाड्यांच्या दोन तऱ्हा आहेत. एक वडाप आणि टुरिस्टची. कराड-पुणे, कराड-कोल्हापूर, वर्षाला चाळीस-पन्नास हजार सहज. यांचे किलोमीटर आधी भरतात. दीड-दोन वर्षांत आकडा आला तरी मालकाला वाटतं, आत्ता तर गाडी घेतली. दुसरी तऱ्हा घरच्या गाडीची. आगाशिवनगरात दारात झाकून ठेवलेली, रविवारी बाहेर, लग्नसराईत दोन-चार फेऱ्या. आठ वर्षांत पस्तीस हजार. मालक अभिमानानं सांगतो, "गाडी चाललीच नाही." बेल्टचं वय मात्र रोज वाढतंय. रबर उन्हाळ्यात तापतं, थंडीत आकसतं, आणि उभ्या गाडीत पुलीभोवती एकाच जागी वाकून राहतं. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं नेमकं हेच झालं. किलोमीटर शिल्लक होते, वर्षं संपली होती. मी एकच मीटर वाचला.

तिसरा एक छुपा हिशेब आहे, तो पुस्तकात बारीक अक्षरात असतो. जड वापर. घाट, धूळ, सतत चालू-बंद, आणि उभ्या गाडीत चालू इंजिन. तुम्ही हायवेच्या आणि उड्डाणपुलाच्या कामात अडकता, किंवा हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांगेत उभे राहता, एसी चालू. किलोमीटर किती पडले? शून्य. पण इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारतंच आहे. तासाला अठ्ठेचाळीस हजार. मघाशी आपण धरलं, साठच्या वेगानं मिनिटाला दोन हजार, म्हणजे तासाला एक लाख वीस हजार फेरे. त्या हिशेबानं तासभर उभी चालू गाडी म्हणजे चोवीस किलोमीटर, जे तुमच्या मीटरवर कधीच दिसणार नाहीत. रोज अर्धा तास असं होत असेल तर वर्षाला चार हजारांच्या वर. रोज रांगेत उभं राहणाऱ्यानं पुस्तकातल्या आकड्यातून एवढे वजा करावेत.

पैशाचा हिशेब आता. बरेच जण इथंच चुकतात, म्हणून जरा सावकाश. मी आकडे सोयीसाठी धरतोय, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. समजा बेल्टचं पूर्ण काम दहा हजारांचं, आकडा साठ हजार किलोमीटरचा, आणि बेल्ट तुटला तर खर्च साठ हजार. तुम्ही पन्नास हजारालाच बदलला तर किती वाया गेले? माणूस म्हणतो, दहा हजार गेले. नाही. बेल्टचा सहावा हिस्सा वापरायचा राहिला, म्हणजे सोळा-सतराशे रुपये. बाकीचे तुम्ही वापरलेतच. उलट सत्तर हजारापर्यंत ताणला तर वाचले किती? साधारण तेवढेच, चौदा-पंधराशे. आणि त्या पंधराशेसाठी साठ हजार पणाला लावले. तुटायची शक्यता चाळिसात एक एवढी जरी असली तरी हा सौदा तोट्याचा. यात घाटातली रात्र धरलेली नाही. तिला किती रुपये लावायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता सेकंडहँड गाडी. इथं माझं मत ठाम आहे. बेल्ट बदलल्याचं बिल, त्यावर तारीख आणि किलोमीटर, हे तिन्ही हातात नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं समजायचं. "बदललाय हो, मागच्याच वर्षी" हे वाक्य म्हणजे बिल नव्हे. मीटर मागं फिरवलेला असू शकतो. जुन्या डिझेल इनोव्हात टी-बेल्ट असा दिवा लागतो, लोकांना वाटतं तो बेल्ट तपासून लागतो. तो फक्त किलोमीटर मोजतो. बेल्ट न बदलता दिवा विझवता येतो, आणि विझवणारे असतात. म्हणून गाडी घेतानाच किमतीतून बेल्टचं काम वजा करा आणि पहिल्या आठवड्यात करून टाका. मग तुमचा मीटर शून्यापासून सुरू.

आधी अर्थात गाडीला बेल्ट आहे का ते बघा! टाटा इंडिकाचं डिझेल, जुनी सँट्रो, २०१६ पर्यंतची डिझेल इनोव्हा, डस्टरचं दीड लिटरचं डिझेल, पोलो-व्हेंटोची डिझेल इंजिनं, ही बेल्टवाली. स्विफ्टचं १.३ चं डिझेल चेनवालं, मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं चेनवाली, इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल चेनवालं. नावावरून मात्र ठरवू नका. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला बेल्ट आणि डिझेलला चेन, किंवा उलट असू शकतं. चेनवाल्यांनी फार हसू नये. चेन तेलावर जगते, ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल होते. फक्त ती आधी खडखडते. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये तर बेल्टच तेलात बुडालेला असतो, तिथं चुकीचं ऑइल घातलं की बेल्टचं आयुष्य कमी.

काम करून घेताना काय बघायचं? नुसता पट्टा बदलू नका. पूर्ण किट घ्या, म्हणजे पट्टा, ताण देणारी पुली आणि सोबतच्या पुल्या. अनेक इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, तो त्याच वेळी बदला. पंपाचं बेअरिंग पुढच्या वर्षी जाम झालं तर नवा कोरा बेल्ट तोच दात तोडून बाहेर पडेल, आणि मजुरी परत तेवढीच. उघडलंच आहे तर क्रँक आणि कॅमच्या ऑइल सीलही बघायला सांगा. बेल्ट बसवल्यावर चांगला मिस्त्री लगेच चावी मारत नाही. तो पाना लावून क्रँक हातानं दोन फेरे फिरवतो आणि खुणा परत जुळतात का ते बघतो. दोन फेरे का, ते आता तुम्हाला माहीत आहे. जुना बेल्ट आणि पुल्या परत मागून घ्या. बिलावर किलोमीटर लिहून घ्या. बॉनेटच्या आत तारीख आणि रनिंग पेंटनं लिहून ठेवा, बिलं हरवतात.

आणि एवढं करूनही चालत्या गाडीत इंजिन अचानक मेलं, तर? आधी गाडी सांभाळा. ब्रेक जड होतो पण लागतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा नीट लागेल, म्हणून पायाचा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. मग एक गोष्ट कटाक्षानं टाळा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतोय असं वाटलं तर बेल्ट गेलाय. प्रत्येक चावीला उरलेले व्हॉल्व्ह ठोकले जातात. ढकलस्टार्ट तर अजिबात नको. टो बोलवा.

इथं थांबतो. प्रश्न विचारा.

प्रश्न: माझी गाडी सीएनजीवर आहे. बेल्ट लवकर बदलायचा का?

बेल्टचा हिशेब इंधनानं बदलत नाही, फेऱ्यांनी बदलतो. पुस्तकातला आकडाच पाळा. फक्त सीएनजी स्वस्त म्हणून तुमचं रनिंग वाढलेलं असतं, ते विसरू नका.

प्रश्न: पुस्तक हरवलंय. गॅरेजवाला म्हणतो, लाखापर्यंत काही होत नाही.

बऱ्याच कंपन्यांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा चासी नंबर द्या, ते सांगतील. "काही होत नाही" असं म्हणणाऱ्याला विचारा, झालं तर बिल तुम्ही भरणार का?

प्रश्न: तुमच्या मेहुण्याची ती गाडी आहे का अजून?

आहे. हेड दुरुस्त करून चालतेय. बेल्टची तारीख माझ्यापेक्षा त्यालाच पाठ आहे.

प्रश्न: २०१९ च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. नंतर मेकॅनिकनं ऑइल बदलून चालू करून दिली. तेव्हापासून व्यवस्थित आहे. बेल्टचं काही केलेलं नाही.

किती पाणी होतं? बॉनेटपर्यंत? मग कव्हरच्या आत पाणी आणि गाळ गेलाय असंच धरायला पाहिजे. नदीच्या गाळात बारीक वाळू असते, ती दात आणि पुली यांच्यात बसून घासते, आणि पुलीच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. शिवाय आता वर्षंही झाली. तुम्ही आज इथं गाडी घेऊन आला आहात का? मग घरी हळू जा, आणि उद्या ढेबेवाडी फाट्याच्या पुढं कुठं जाऊ नका. किट मागवा.